कट्ट्यावर आमंत्रण नसतं

नमस्कार ताई,

मी 34 वर्षांची, कोथरूडला आईबाबांबरोबर राहते, एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. लग्न केलेलं नाही आणि त्यावर सल्ला नकोय. फेब्रुवारीत आयुष्यात पहिल्यांदा एकटी फिरायला गेले. हंपीत दोन रात्री, नदीपलीकडे आनेगुंदीजवळ दोन, मग गोकर्णला दोन. तिन्हीकडे मुद्दाम हॉस्टेलात उतरले, कारण जो तो म्हणतो हॉस्टेलात माणसं भेटतात. मला कोणीच भेटलं नाही. पहिल्या रात्री ऊनो खेळायला खाली गेले, तर सगळे आधीच एकमेकांना नावाने हाका मारत होते. एक डाव खेळून "दमलेय" म्हणाले आणि वर जाऊन बंकचा पडदा ओढून फोन बघत बसले. खालून हसण्याचे आवाज येत होते. हेमकूट टेकडीवर सूर्यास्ताला गटाबरोबर गेले आणि परत एकटी आले. गोकर्णला सगळे बिअर घेऊन बसलेले, मी पीत नाही. वर एका मुलाने मला "दीदी" म्हटलं. घरी आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "मग, कोण कोण भेटलं?" मी दोन नावं रचून सांगितली.

ऑडिटचा मोसम संपला की नोव्हेंबरात दहा दिवस व्हिएतनामला जायचंय, त्यातले बरेचसे हनोईत. या वेळी सरळ हॉटेलात खोली घेऊ का? की माझ्यातच काही कमी आहे?

– एकटी-दुकटी, कोथरूड

अगं एकटी-दुकटी,

ती दोन नावं कोणती रचलीस ते लिहायला हवं होतंस. पत्र वाचून झाल्यापासून मी त्याच विचारात आहे.

तुझ्यात काही कमी नाही. जागा ओळखण्यात तुझी चूक झाली. हॉस्टेलची कॉमन रूम, म्हणजे सगळ्यांची बसायची खोली, तुला दिवाणखान्यासारखी वाटली. दिवाणखान्यात यजमान असतो. तो दार उघडतो, "या, बसा" म्हणतो, पाणी आणतो, बाकीच्यांशी ओळख करून देतो. तू दारात उभी राहिलीस आणि "या, बसा"ची वाट बघितलीस. ते कोणी म्हटलं नाही, तेव्हा आपण नकोसे आहोत असं समजून वर गेलीस. पण ती जागा कट्ट्यासारखी असते. कॉलेजात असताना कट्ट्यावर तुला कोणी आमंत्रण दिलं होतं का? एक दिवस जाऊन उभी राहिली असशील, दुसऱ्या दिवशी टेकली असशील, आणि आठवड्याने तुझ्या जागेवर दुसरं कोणी बसलं की तुलाच राग येत असेल. कट्ट्यावर कोणी कोणाचं स्वागत करत नाही, तसं कोणी कोणाला हाकलतही नाही.

यात पुण्याचाही थोडा दोष आहे म्हणा. आपल्याकडे हॉस्टेल म्हटलं की डोळ्यांपुढे येतात रेक्टरबाई, रात्री साडेआठची वेळ आणि "कॉट बेसिसवर जागा देणे आहे"ची पाटी. तिथे मैत्री व्हायला अख्खं वर्ष हाताशी असतं. तू गेलीस त्या हॉस्टेलात दोन रात्री असतात.

दोन रात्री फार कमी गं! तुझा कार्यक्रम पुन्हा बघ. सहा रात्री, तीन हॉस्टेलं. म्हणजे सहापैकी तीन रात्री तू नवखी होतीस आणि उरलेल्या तिन्ही रात्री बॅग भरत होतीस. एका ठिकाणी पहिल्या रात्री आपण परके असतो. दुसऱ्या रात्री "काल दिसली होती ती" एवढी ओळख होते. तिसऱ्या रात्री कोणीतरी न विचारता खुर्ची सरकवतं. त्या तिसऱ्या रात्रीपर्यंत तू कुठेच पोचली नाहीस. ऊनोच्या टेबलावर जे एकमेकांना नावाने हाका मारत होते, ते काही जन्माचे दोस्त नसणार. फार तर तुझ्या दोन दिवस आधी आले असतील. हनोईत एकाच जागी निदान चार रात्री काढ. दहा दिवसांत पाच गावं "करायची" नाहीत. तेवढ्यासाठी कंडक्टेड टूर असतात, आणि त्या बस पुण्यातूनच भरून निघतात.

आता वेळेचं. आठचा कार्यक्रम असेल तर पावणेआठला खाली जा. आठ दहाला जाणाऱ्याला चाललेल्या डावात शिरावं लागतं, आणि ते आपल्यासारख्यांना जमत नाही. पावणेआठला तिथे एकटा व्हॉलंटिअर असतो. बऱ्याच हॉस्टेलांत असे पोरगे-पोरी असतात, दिवसाचे काही तास काम करून त्या बदल्यात फुकट राहणारे. तो खुर्च्या ओढत असतो, दिव्याची माळ कुठे लागत नाही म्हणून वैतागलेला असतो आणि मनातून धास्तावलेला असतो, की आज कोणी आलंच नाही तर? त्याला एक खुर्ची उचलून दे. मग येणाऱ्या पहिल्या माणसाला तो स्वतःच सांगेल, "ही पुण्याची." तुझा यजमान तयार झाला, आणि तोही त्याच्या नकळत.

सवाईला जातेस का? मी महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हापासून जाते. भारतीय बैठकीत शेजारच्या माणसाशी आपली ओळख कशी होते ते आठव. गाण्यावर बोलून होत नाही. गाण्यावर बोलायला गेलं तर उलट भांडणं होतात. ओळख होते ती "जरा पिशवीकडे बघाल का, चहा घेऊन येते" या वाक्याने. आपण परत येतो, ते म्हणतात, "बघितली हो." मग त्यांना जायचं असतं, तेव्हा त्यांची पिशवी आपण सांभाळतो. रात्र होईतो डब्यातली थालीपिठं इकडून तिकडे जाऊ लागतात, आणि पुढच्या डिसेंबरात "आलात का!" होतं. माझी अशी एक बैठकमैत्रीण आहे, 11 वर्षांची. तिचं आडनाव मला अजून ठाऊक नाही.

हेच हॉस्टेलात कर. आपल्याला, त्यातून आपल्या पेठांत वाढलेल्यांना, कोणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर येतं. चार्जरपासून क्रोसिनपर्यंत सगळं आपल्या पर्समध्ये हवं! एखादी गोष्ट मुद्दाम विसरून जा. "ॲडॅप्टर आहे का जरा?" एवढं विचारलंस की समोरच्याला तुझ्याशी बोलायला कारण मिळतं. उपकार करणाऱ्याला आपण आवडायला लागतो, हे मी बँकेत 31 वर्षं काउंटरवर बसून शिकले. ज्याचं पेन आपण मागून घेतो, तो गिऱ्हाईक कधी भांडत नाही.

कुठल्या कार्यक्रमाला जायचं, यात मात्र चोखंदळ राहा. माझा आपला साधा हिशेब आहे: ज्यात पाय चालतात किंवा हात चालतात, तिथे जायचं. ज्यात नुसतं तोंड चालवायचं असतं, ते बुजऱ्या माणसाला जड जातं. पब क्रॉल, कराओके, "चला, प्रत्येकाने आपली ओळख करून द्या" असले गोल, हे तोंडाचे प्रकार. सोडून दे, अपराधी वाटून घेऊ नकोस.

चालणं सर्वांत सोपं. चालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, गप्प राहिलं तरी ते गप्प राहणं वाटत नाही, आणि रस्ता अरुंद झाला की जोड्या आपोआप बदलतात. म्हणून तुझ्या पत्रातल्या बाकी कशापेक्षा मला ती हेमकूट टेकडी जास्त लागली. गटाबरोबर गेलीस आणि परत एकटी आलीस! अगं, खरी वेळ परत येतानाच असते. सूर्यास्त बघताना सगळे फोटो काढत असतात. उतरताना फोन खिशात जातात, पोटात भूक असते आणि "जेवायचं कुठे?" हा प्रश्न सगळ्यांना एकदमच पडतो. त्या प्रश्नाच्या आधी तू निघून आलीस.

शिवाय हंपीत तुझ्याकडे सांगायला काय होतं बघ. तिथल्या विजय विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. त्याच अंगणातला दगडी रथ पन्नासच्या नोटेवर आहे. आणि आपल्याकडे परंपरेने सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती तिकडे नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. ही गोष्ट त्या गटात कोणाला माहीत असणार? खिशातून पन्नासची नोट काढून "हा रथ बघितला ना आज? त्याच्यामागचा देव आमच्याकडे असतो" म्हणाली असतीस, तर ऊनोवालेसुद्धा पत्ते खाली ठेवून ऐकत बसले असते. आपली चूक अशी होते, की ओळख म्हणजे प्रश्न विचारणं असं आपण धरून चालतो. कुठून आलात, किती दिवस, पुढे कुठे. हे प्रश्न हॉस्टेलात प्रत्येकाने दिवसातून दहा वेळा ऐकलेले असतात आणि उत्तरं पाठ झालेली असतात. प्रश्न कमी विचार. स्वतःजवळचं काहीतरी दे.

हनोईत याला भरपूर वाव आहे. तिथल्या जुन्या भागाला छत्तीस गल्ल्यांचं गाव म्हणतात, आणि बऱ्याच गल्ल्यांची नावं तिथे पूर्वी जो माल बनायचा-विकायचा त्यावरून पडली आहेत. हांग म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग मा कागदी वस्तूंची. वॉकिंग टूरचा गाईड हे सांगेलच. तेव्हा तू आपल्या कसब्यातल्या तांबट आळीचं सांग. बुरूड आळी, दाणे आळी सांग. जायच्या आधी एका सकाळी तांबट आळीत जाऊन ये, तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चाललेलं असतं ते मोबाइलवर अर्धा मिनिट टिपून घे, आवाजासकट. गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारी ती ठकठक परक्या माणसालाही आवडते. असल्या टूर जाहिरातीत "फ्री" असतात, पण गाईडचं पोट टिपवर चालतं. तेव्हा शेवटी पैसे काढताना पुणेरीपणा नको.

शनिवार-रविवारी होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. तिथे कॉलेजची मुलंमुली घोळक्याने येऊन परदेशी माणसांशी इंग्रजी बोलून बघतात. तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं तुला इंग्रजीचीही धास्ती असावी. तसं असेल तर पहिल्या शनिवारी तिथेच जा. त्यांनाही चुका करायच्या असतात. आणि एक गंमत सांगते. उत्तर व्हिएतनामात चहाला "चा" म्हणतात, अगदी आपल्यासारखं. पण "चाय" म्हणजे शाकाहारी! तू हॉटेलात बसून "चाय" म्हणालीस तर चहा येणार नाही, टोफू येईल. शाकाहारी असशील तर हा शब्द पाठ कर, नसशील तर गमतीला सांग.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली आहे.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षीची गोष्ट. मी 53 वर्षांची, फोर्ट कोचीच्या एका हॉस्टेलात. तिथे संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवण करायचं असं फळ्यावर लिहिलेलं. आपल्या चौकातल्या मंडळाचा वार्ताफलक असतो ना, तसाच फळा, खडूऐवजी मार्करने लिहिलेला. मी म्हटलं, कांदेपोहे करते. दुकानातून पोहे आणले तर ते निघाले तिकडचे लालसर, मट्टा तांदळाचे. स्वयंपाकघरात सहासात जणं जमलेली. कोरियाची एक मुलगी, आसामचा एक मुलगा, अर्जेंटिनाचा एक दाढीवाला. तिला कांदा चिरायला दिला, तर तिने सुरेख पातळ चकत्या केल्या. मी म्हटलं, "अगं असा नाही, बारीक," आणि सुरी काढून घेतली. सुरीला धार नव्हती. हॉस्टेलच्या सुऱ्यांना जगात कुठेच धार नसते. दाढीवाल्याने पोहे पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवले, त्याला ते ओट्स वाटले. मी ओरडलेच. पातेलं हिसकावलं, चाळणीत ओतलं, "नुसते धुवायचे, भिजवायचे नाहीत!" मग फोडणी मी, मीठसाखर मी, वरून खोबरं-कोथिंबीर मी. वीस मिनिटांत पोहे तयार. सगळ्यांनी "व्हेरी नाइस, थँक्यू" करून खाल्ले आणि गच्चीवर गेले. मी ओट्याशी एकटी, कढई घासत. वरून हसण्याचे आवाज येत होते. तुझ्या बंकवर येत होते ना, अगदी तसेच.

तेव्हा ध्यानात आलं, की मी त्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून गेले आणि दोन मिनिटांत सासू झाले. पोहे चांगले व्हावेत ही हौस माझी एकटीची होती. बाकीच्यांना पोह्यांशी कर्तव्यच नव्हतं, त्यांना एकत्र कांदा चिरायचा होता. दुसऱ्या संध्याकाळी तो दाढीवाला पीठ मळून काहीतरी करत होता. मी तोंड मिटून विचारलं, "मी काय करू?" तो म्हणाला, लसूण सोल. मी लसूण सोलला, त्याला हवा तसा ठेचून दिला. कालची कोरियन मुलगी शेजारी येऊन बसली आणि पाच मिनिटांनी हळूच म्हणाली, "काल मला भीती वाटली तुमची." त्यावर आम्ही दोघी जे हसलो! ती पुढे आठ दिवस माझ्याबरोबर फिरली. तेव्हा स्वयंपाकाला जरूर जा, पण सोलायचं, चिरायचं, पुसायचं काम घे. मुख्य पदार्थ आपला नको. आणि भांडी घासायला शेवटपर्यंत थांब. गप्पा सिंकपाशी रंगतात, टेबलापाशी नाही.

खरं तर एकत्र काम करायची ही कल्पना हॉस्टेलांच्या मुळातलीच आहे. 1909 मध्ये रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला गेले, वादळात सापडले आणि सगळ्यांनी रात्र एका शाळेत काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुलांना मुक्कामाला का देऊ नयेत, हे त्यांना तिथे सुचलं. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. युरोपातल्या जुन्या यूथ हॉस्टेलांत पाहुण्यांना झाडलोट, भांडी अशी कामं वाटून दिली जायची. मी कॉलेज संपल्यावर आपल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमाचलच्या ट्रेकला गेले होते. तिथल्या कॅम्पफायरची गाणी मी विसरले, पण बर्फासारख्या पाण्यात डबे धुवायची रांग आठवते. त्या रांगेत माझ्यापुढे उभी होती ती आज औंधला राहते आणि दर रविवारी मला फोन करते.

खेळांचं थोडं. ऊनो वाईट नाही. माफिया नावाचा खेळ असेल तर पहिल्या रात्री बसू नकोस, त्यात एकमेकांवर खोटेपणाचे आरोप करायचे असतात आणि अनोळखी माणसांत ते बरं नाही वाटत. त्यापेक्षा पत्त्यांचा कॅट घेऊन जा आणि झब्बू शिकव. नियम दोन मिनिटांत सांगून होतात: उतारी ज्या रंगाची त्या रंगाचं पान टाकायचं, ते नसेल तर दुसऱ्या रंगाचं टाकून झब्बू द्यायचा, ज्याचं पान मोठं त्याने सगळं उचलायचं, पानं संपतील तो सुटला. तिघंही खेळतात, आठजणंही खेळतात, भाषा लागत नाही. "झब्बू!" असं ओरडून पान आपटायला ऑस्ट्रेलियन काय नि ओडिया काय, सगळ्यांना आवडतं. शिवाय खेळ तुझा असला की चाललेल्या डावात शिरायचा प्रश्नच येत नाही.

"दीदी"चं मनाला लावून घेऊ नकोस. उत्तरेकडच्या पोरांना ते "तुम्ही" म्हणण्यासारखंच आहे. मला लोक आंटी म्हणतात आणि त्याच जोरावर मी कोणालाही चहा करायला लावते. दारूचं त्याहून सोपं: "नाही घेत," संपलं. कारण देऊ नकोस, तोंड वाकडं करू नकोस, लिंबूसोडा घेऊन बस आणि तुला झोप आली की ऊठ. बाटल्यांची संख्या वाढली की तसंही बोलण्यात राम राहत नाही.

हॉस्टेल निवडताना फोटोत तरणतलाव बघू नकोस, जेवायचं टेबल बघ. एकच मोठं टेबल असेल तर उत्तम. चारचार माणसांची सुटी टेबलं असली की लोक आपापल्या फोनसकट बसतात. लोकांच्या शेऱ्यांत "पार्टी" हा शब्द वारंवार येत असेल तर पुढे जा. स्वयंपाकघर पाहुण्यांना वापरता येतं का, तेही बघ. बायकांची सहा बेडची डॉर्म घे. हॉटेलातली खोली नकोच, पण चार रात्री झाल्यावर एक रात्र स्वतंत्र खोली घेऊन झोप काढलीस तर मी काही म्हणणार नाही. घोरणारं माणूस प्रत्येक डॉर्ममध्ये एक तरी असतं. काही ठिकाणी डॉर्मला वयाची अट असते, तेवढं आधी विचार. लॉकरला स्वतःचं कुलूप ने.

हनोईच्या हॉस्टेलांत तुला "हा जांग"च्या फेरीबद्दल ऐकायला मिळेल. उत्तरेकडचा डोंगराळ भाग, तीनचार दिवस मोटरसायकलवर, रात्री गावातल्या घरांत मुक्काम आणि सगळा गट एका पंगतीला. ओळखी होण्याच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही, आणि नोव्हेंबरात तिथे कुट्टूची फुलं असतात, तेच आपलं उपासाचं कुट्टू. पण गाडी स्वतः चालवायची नाही. कोथरूड ते डेक्कन रोज ॲक्टिव्हा चालवत असशील, तरी नाही. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या कराराचा आहे, व्हिएतनाम 1968 च्या करारातला मानतं. म्हणजे तिथे तू विनापरवाना ठरतेस, आणि काही झालं तर विमावाले हात वर करतात. तिथले चालक मागे बसवून नेतात, त्याला ईझी रायडर म्हणतात, ते घे. काल भेटलेल्या कोणा गोड मुलाच्या मागे बसायचं नाही. तो गोड असेल, पण परवान्याचं त्याचंही तुझ्यासारखंच असेल.

बाकी काळजीचं तुला मी काय सांगायचं, पुण्यात राहून संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळवणारी बाई तू. पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नकोस, बाहेर जाताना कुठे आणि कोणाबरोबर ते घरच्या ग्रुपवर टाक, आणि एखाद्याबद्दल पोटात कसंसं झालं तर भिडेखातर थांबू नकोस. असभ्य वाटलं तर वाटू दे.

आणखी एक धोका. तिथे तुला मराठी माणूस भेटेल. नक्की भेटेल. "पुण्याच्या का? पुण्यात कुठे? कोथरूड? कोथरूडमध्ये कुठे?" असं होत होत तुम्ही कर्वे पुतळ्यापाशी पोचाल, आणि पुढचे चार दिवस बाकीची दुनिया बंद. एक चहा प्या, छान बोला आणि वेगवेगळ्या टूरला जा.

नोव्हेंबरपर्यंत हाताशी वेळ आहे, तर इथेच सराव कर. हॉस्टेलात एखादी रात्र राहून बघावं असं वाटेल, पण बरीच हॉस्टेलं स्थानिक पत्त्याचं आधार कार्ड घेत नाहीत, त्यामुळे पुण्यात तुला खोली मिळेलच असं नाही. त्यापेक्षा एखाद्या रविवारी सकाळी शनिवार पेठ-कसब्यातल्या हेरिटेज वॉकला एकटी जा. मैत्रिणीला नेऊ नकोस. पंधरा मिनिटं आधी पोच, गाईडला "किती जण येणार आहेत आज?" विचार आणि वॉक संपल्यावर लगेच स्कूटरकडे पळू नकोस. तिथेच घुटमळ. कोणीतरी "चला, अमृततुल्यला" म्हणतंच. नाही म्हणालं तर तू म्हण. हे पहिल्यांदा म्हणताना कानशिलं तापतात, दुसऱ्यांदा नाही.

आणि सामानात भाकरवडीचं एक बंद पाकीट टाक. गेल्या गेल्या पहिल्याच रात्री फोडू नकोस, लोक एकेक उचलतील, थँक्यू म्हणतील आणि पाकीट संपेल. तिसऱ्या रात्रीपर्यंत ठेव.

– तुझी ताई

ता. क. मैत्रिणींना ती दोन नावं खोटी होती हे सांगायची गरज नाही. पण व्हिएतनामहून आल्यावर त्यातलं एखादं कुठे गायब झालं असं विचारलं, तर माझ्याकडे येऊ नकोस.